खिंडीतला बर्फ

टोलेफने रस्ता बांधायला काढला त्या उन्हाळ्यात गावातल्या प्रत्येकाने त्याची एकदा तरी टिंगल केली. "विमान उतरवणार आहेस का?" असं धान्यकोठीवर कॉफी पिणारे म्हातारे त्याला विचारायचे. तो म्हणायचा, "दुधाचा टँकर उतरला तरी पुरे."

टोलेफ माझा मधला भाऊ. हाल्वर थोरला, मी शेंडेफळ. टोलेफचं घर मोठ्या रस्त्यापासून अर्ध्या मैलाच्या वर आत आहे. आजोबांनी ते तिथे बांधलं ते वाऱ्याला भिऊन. नॉर्थ डकोटात आमच्या बाजूला वारा वायव्येकडून येतो आणि वाटेत त्याला अडवायला काही नाही. म्हणून त्यांनी टेकाडामागचा, पाणथळीच्या काठचा खळगा शोधला आणि तिथे घर अन् गोठा घातला. घर वाचलं. पण घराकडे जायची वाट टेकाड फोडून न्यावी लागली, आणि टेकाड फोडलं की खिंड होते, आणि खिंड म्हणजे बर्फाचं कोठार.

आमच्याकडे बर्फ पडतो त्यापेक्षा वाहतो जास्त. वर स्वच्छ ऊन असतं आणि जमिनीलगत सगळं शेतच्या शेत पांढरं होऊन सरपटत असतं. उघड्यावर तो थांबत नाही. वारा जिथे जरा दम खातो तिथे तो बसतो, आणि एकदा बसला की असा आवळतो की त्यावरून बैल चालत जावा.

वडिलांनी याच्यावर उपाय केला होता. खिंडीच्या वायव्येला, गव्हाच्या शेतात बऱ्याच आत, त्यांनी झाडांची दुहेरी रांग लावली होती. बर्फ त्या झाडांत अडकायचा, खिंड मोकळी राहायची. लहानपणी आम्हाला वाटायचं की खिंड ही मोकळीच असते.

वडील गेले तेव्हा वाटणी झाली. घर, गाई आणि खालची कुरणं टोलेफला. वरचं गव्हाचं शेत हाल्वरला. मला भिंतीवरचं घड्याळ आणि चांदीचे चमचे मिळाले आणि माझी काही तक्रार नव्हती, कारण मी लग्न करून गावात गेले होते. हाल्वरने लग्न केलं नाही. तो मोठ्या रस्त्याच्या पलीकडे एकटा राहायचा, गहू पेरायचा आणि दर दोन वर्षांनी आधीच्यापेक्षा रुंद यंत्र घ्यायचा. त्या रुंद यंत्राला झाडांपाशी वळता येईना. वडील गेले त्याच्या पुढच्याच वसंतात त्याने ती झाडं बुलडोझरने उपटली, ढीग घातला आणि पेटवून दिला.

"निम्मी वाळलेलीच होती," असं तो मला म्हणाला. ते खरंही होतं. राहिलेली निम्मी वाळलेली नव्हती, हेही खरं होतं.

टोलेफ त्याच्या घरी जाऊन भांडला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण आमच्या घराण्यात घरी जाऊन भांडायची पद्धत नाही. तो गप्प बसला ते थेट शरदातल्या चर्चच्या जेवणापर्यंत. तळघरात सगळं गाव जेवायला बसलं होतं. कोणीतरी हाल्वरला विचारलं की नवीन यंत्र कसं चालतंय. तो सांगत होता, तेवढ्यात टोलेफ टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाला, "चांगलं चालणारच. बापाचं थडगं वाळायच्या आत त्याची झाडं जाळली, शेत कसं साफ झालंय."

तो ओरडला नाही. मीठ मागावं तशा आवाजात बोलला. हाल्वरने काटा खाली ठेवला, टोपी घेतली आणि निघून गेला. त्यानंतर तो त्या जेवणाला कधी आला नाही, आणि दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. दुकानात माझ्यादेखत समोरासमोर आले तर दोघेही मलाच काहीतरी सांगायचे.

पुढच्या हिवाळ्यापासून खिंड भरायला लागली. दर वादळानंतर टोलेफ लोडर घेऊन ती फोडायचा, आणि दर वादळात ती पुन्हा भरायची. फोडलेला बर्फ दोन्ही बाजूंना उंच रचला जायचा, त्यामुळे खिंड आणखी खोल व्हायची आणि पुढच्या खेपेला आणखी बर्फ धरायची. हे त्याला कळत होतं. पण बर्फ टाकायचा कुठे?

दुधाचा टँकर दिवसाआड यायचा. टाकी दोन दिवसांच्या दुधाची. टँकर आला नाही की टाकी भरते, आणि गाईंना काही थांब म्हणून सांगता येत नाही. मग कासेतलं दूध काढून मोरीत सोडायचं. पहिल्यांदा ते करावं लागलं तेव्हा टोलेफची बायको आर्डिस मला म्हणाली, "तो मोरीजवळ असा उभा होता जणू कुणाचं प्रेत धुतायत."

म्हणून त्याने तो रस्ता काढला. जुनी वाट म्हणजे चाकांनी खचलेला ओघळ होता, शेतापेक्षा हातभर खाली. त्याने तो ओघळच टाकून दिला आणि त्यावर भराव घातला. दोन्ही बाजूंनी रुंद, पसरट चर खणले, ती माती मधे ओढली आणि रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कमरेइतका वर उचलला. वर उचललेल्या रस्त्यावरून वारा झाडू मारून जातो, बर्फ टिकत नाही. पाणथळीजवळ जमीन दलदलीची, तिथे त्याने आधी जाड कापड अंथरलं, मग डोक्याएवढे दगड, मग जाडी खडी, आणि सगळ्यांत वर मातीमिश्रित बारीक खडी. पाणी जायला रस्त्याखालून पाइप घातले. मधे फुगीर, कडेला उतार. खाणीवरून खडीचे ट्रक येत राहिले, टोलेफ पसरत राहिला, आर्डिस जुना ट्रॅक्टर पुढेमागे नेऊन दाबत राहिली. ती पन्नाशीची बाई डोक्याला रुमाल बांधून दिवसभर त्या खडीवर येरझारा घालायची आणि संध्याकाळी पुन्हा दूध काढायला उभी राहायची.

मी तेव्हा काउंटीच्या रस्तेखात्यात फोन घ्यायच्या कामावर होते. नवरा गेल्यापासून तिथेच लागले होते. आमच्या लोकांनी येऊन तो रस्ता पाहिला आणि म्हणाले की आमच्यापेक्षा बरा आहे.

फक्त खिंड राहिली. तिथे रस्ता वर उचलता येत नव्हता, कारण दोन्ही बाजूंना टेकाडच होतं. टेकाड कापून सपाट करायचं तर एका बाजूची जमीन हाल्वरची. वळसा घालायचा तर दुसरीकडे पाणथळ, तिला तळ नाही. एकच मार्ग होता. वडिलांनी जिथे झाडं लावली होती तिथे, वाऱ्याच्या अंगाला दूरवर, बर्फ अडवायचं लाकडी कुंपण उभं करायचं. फटीफटींचं, पुरुषभर उंच. वारा त्यातून गाळून निघतो आणि बर्फ त्याच्यामागे लांबवर पसरून बसतो. पण ते खिंडीपासून लांबच हवं. जवळ लावलं तर मागचा तो बर्फाचा डोंगर नेमका खिंडीतच येऊन पडतो.

आणि लांब म्हणजे हाल्वरच्या शेतात.

सप्टेंबरच्या अखेरीला आर्डिस टोलेफला न सांगता हाल्वरकडे गेली. मला घेऊन गेली, मी मधे बसायला. हाल्वरने आम्हाला कॉफी दिली, डब्यातली बिस्किटं काढली. आर्डिसने कोट न काढताच विषय काढला.

"गहू निघाल्यावर लावू, पेरणीच्या आधी काढू. तुझ्या पिकाला काही होणार नाही. उलट वसंतात तिथे ओल राहील."

"ओल राहते ते मला माहीत आहे," हाल्वर म्हणाला.

"मग?"

"तो का नाही आला?"

"तो दूध काढतोय."

"रोज चोवीस तास काढतो का?"

आर्डिसने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हाल्वर, ती आलीय ना. तिला दे."

"आर्डिसला मी काही नाही म्हणत नाही. आर्डिसला हवं असेल तर माझा ट्रॅक्टर घेऊन जा म्हणावं. पण कुंपण त्याला हवंय. त्याने सगळ्या गावासमोर तोंड उघडलं होतं, आता माझ्या एकट्यासमोर उघडायला काय झालं? माफी माग असंही मी म्हणत नाही. नुसतं येऊन म्हणावं की हाल्वर, मला तिथे कुंपण लावायचंय. एवढंच. मी हो म्हणेन."

"नक्की म्हणशील?"

"म्हणालो ना."

परत येताना आर्डिस जवळजवळ आनंदात होती. एक वाक्य बोलायचं होतं. नवरा अगदीच मुका नव्हता.

तिने घरी जाऊन टोलेफला सांगितलं. तो बूट काढत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, दुसरा बूट काढला आणि म्हणाला, "ज्याने झाडं उपटली त्याच्याकडे जाऊन मी झाडांच्या जागी फळ्या मागू?"

"हो," आर्डिस म्हणाली. "माग."

"नाही."

"टोलेफ, त्याने हो म्हणायचं कबूल केलंय."

"म्हणूनच नाही. त्याला मला त्याच्या दारात उभं बघायचंय."

"मग उभा राहा. तुझी उंची कमी होणार आहे का?"

ऑक्टोबर गेला. मीही एकदा जाऊन सांगून पाहिलं. मला म्हणाला, "तू फोनवर काम करतेस ते बरं आहे, तुला मधे बोलायची सवय आहे." जमीन गोठायला लागली तेव्हा त्याने कुंपण आणलं आणि स्वतःच्या हद्दीत लावलं, खिंडीच्या काठाला चिकटून जी चिंचोळी पट्टी त्याची होती तिच्यावर. जागा चुकतेय हे मी पाहिलं. टोलेफलाही ते दिसलं असणार. आमच्या घरात हे न कळणारा कोणी जन्माला आलेला नाही.

डिसेंबरात दोन वादळं झाली. नवा रस्ता सगळाच्या सगळा उघडा राहिला, खडी दिसत होती, एखाद्या झाडलेल्या अंगणासारखी. आणि खिंडीत पूर्वी छातीपर्यंत बर्फ यायचा तिथे आता तो दुप्पट उंच बसला. कुंपणाने दुरून येणारा सगळा बर्फ पकडून बरोबर तिथे आणून ठेवला होता. टोलेफने ते उपटायला पाहिलं, पण खांब गोठलेल्या जमिनीत घट्ट बसले होते आणि कुंपण अर्धंअधिक गाडलं गेलं होतं.

जानेवारीतलं वादळ शनिवारी सुरू झालं आणि बर्फ पडायचा थांबला तरी वारा थांबेना. टँकरवाल्या ड्वेनने दोनदा येऊन पाहिलं. दुसऱ्यांदा तो माझ्या ऑफिसात आला, हातमोजे काढून शेगडीशी उभा राहिला आणि म्हणाला, "तुझ्या भावाचा रस्ता मस्त आहे. फक्त मधे एक घर उभं आहे बर्फाचं." मग हातमोजे पुन्हा चढवत म्हणाला, "डेअरीतले लोक विचारतायत की हा थांबा ठेवायचा की नाही. मी अजून काही बोललो नाही त्याला."

टोलेफ रोज दोन्ही वेळचं दूध मोरीत सोडत होता.

मंगळवारी सकाळी हाल्वरने मला ऑफिसात फोन केला. तो सहसा फोन करत नाही.

"टोलेफ दूध ओततोय म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"रविवारपासून."

त्याने कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आपल्या आईने थेंब सांडला तरी बोटाने पुसून मांजराला द्यायला लावला असता," आणि फोन ठेवला. मला वाटलं, बोलायचं होतं, बोलला.

तासाभरात आमच्या साहेबांनी बर्फ लोटणाऱ्या सगळ्या गाड्या माघारी बोलावल्या. वर आकाश निळं होतं आणि खाली रस्त्यावर गाडीचं नाक दिसत नव्हतं.

पुढचं मला टोलेफने एकदाच सांगितलं. तो घराच्या बाजूने लोडर लावून खिंड फोडत होता. वाऱ्याच्या घोंघावण्यात त्याला दुसऱ्या बाजूने इंजिनाचा आवाज आला. हाल्वरच्या मोठ्या ट्रॅक्टरचा. हाल्वरने त्याला पुढे ते यंत्र लावलं होतं ज्याचे मळसूत्रासारखे दात बर्फ खातात आणि नळीतून लांब फेकतात. टोलेफने लोडर बंद केला आणि ऐकत बसला. मी विचारलं, काय वाटलं तुला? तो म्हणाला, "काही नाही. वाटलं, समोर आल्यावर काय बोलायचं."

आवाज जवळ येत गेला. बर्फाच्या माथ्यावरून पांढरा फवारा उडताना दिसायला लागला. मग फवारा थांबला. आवाज मात्र चालूच राहिला, एकाच जागी. टोलेफने वाट पाहिली. नळी चोंदली असेल, उतरून मोकळी करत असेल. नंतर इंजिनाचा सूर बदलला, ओझं ओढणाऱ्यासारखा झाला, आणि टोलेफ त्या बर्फावर हातापायांनी चढून पलीकडे गेला.

हाल्वरने यंत्र पुरतं बंद न करता नळीत हात घातला होता. आमच्याकडे प्रत्येकाला माहीत असतं की हे करायचं नाही, आणि प्रत्येकाने ते एकदा तरी केलेलं असतं. बाही आधी गेली, मग हात कोपराच्या वरपर्यंत. तो गुडघ्यांवर होता आणि शुद्धीत होता. टोलेफने इंजिन बंद केलं, पहारीने दात उलटे फिरवून त्याला सोडवलं, कमरेचा पट्टा काढून दंडाला आवळला. मागे पाहिलं तर हाल्वरने जी वाट फोडून आणली होती ती भरत चालली होती. त्याने गोठ्यातून वासरं ओढायची घसरगाडी आणली, त्यावर भावाला घातलं आणि त्या ढिगावरून ओढत घरी आणलं.

आर्डिसचा फोन माझ्याकडेच आला, कारण तो नंबर तिला पाठ होता.

मी रुग्णवाहिका काढायला लावली. तिच्यापुढे आमच्या दोन गाड्या स्वतःहून निघाल्या, साहेबांना न विचारता. पुढची गाडी टोलेफच्या फाट्याच्या अलीकडे चरात गेली, कारण ड्रायव्हरला चर दिसलाच नाही. तिच्यामागे बाकीच्या अडकल्या. हेलिकॉप्टरला विचारलं, त्यांनी वारा किती आहे ते विचारलं आणि नाही म्हणाले. शेजारचे दोघे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन निघाले होते. मी सगळ्यांशी दुसऱ्या फोनवर बोलत होते, आणि पहिल्या फोनवर आर्डिसने रिसीव्हर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसाच ठेवला होता. हाल्वरला त्यांनी चुलीपाशी जमिनीवर गाद्या घालून निजवलं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

आधी बराच वेळ फक्त वावरण्याचे आवाज होते. पाणी, कापड फाडल्याचा आवाज. मग हाल्वर म्हणाला, "कुंपण चुकीच्या जागी लावलंयस."

"माहीत आहे," टोलेफ म्हणाला.

"माहीत होतं तर लावलंस कशाला?"

"माझी जमीन तेवढीच होती."

"हं."

मग हाल्वर म्हणाला, "रस्ता चांगला झालाय. आत येताना पाहिला. पाणी कुठे साचायचं नाही."

"बोलू नकोस."

"मग काय करू, नाचू?"

आर्डिस हसली, मग ते हसणं वेगळंच व्हायला लागलं आणि ती खोलीतून बाहेर गेली असावी. टोलेफ काहीतरी हळू बोलला. ते मला कळलं नाही. वारा फोनच्या तारांत होता. मी त्याला ते नंतर विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

दिवस लहान असतात. खिडकीबाहेर उजेड पिवळा व्हायला लागला तेव्हा फोनमधून मला गाईंचा आवाज आला. दुधाची वेळ टळून गेली होती.

"ओरडतायत," हाल्वर म्हणाला.

"ओरडू देत."

"कासा दुखतायत त्यांच्या."

"मी जाणार नाही."

"टोलेफ, जा. गाईंनी काय केलंय तुझं? आर्डिस आहे इथे."

खुर्ची सरकली. दार उघडलं, वाऱ्याचा आवाज मोठा झाला, दार लागलं. मी इकडे ट्रॅक्टरवाल्यांना विचारत होते की कुठे पोचलात. ते फाट्यापर्यंत आले होते. नव्या रस्त्यावर त्यांना काही अडचण नव्हती, ते तोंडभरून सांगत होते की रस्ता कसा मोकळा आहे. खिंडीत ते थांबले.

"कॉफी आहे?" हाल्वरने विचारलं.

"करते," आर्डिस म्हणाली. "ताजी करते."

भांड्याचा आवाज. नळाचा. मग तिने त्याला हाक मारली. मग पुन्हा मारली, जरा जवळून. मग रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला.

"मार्गिट, आहेस का?"

"आहे."

"गेला तो."

मी समोरच्या नकाशाकडे पाहत होते, त्यात आमच्या गाड्या कुठे आहेत ते दाखवणाऱ्या टाचण्या होत्या.

"टोलेफला सांगायला गेलीस?" मी विचारलं.

"नाही. निम्म्या गाई झाल्या असतील. होऊ दे. टाकी भरलेली आहे, सगळं मोरीतच सोडतोय तो. तेवढं होऊ दे."

मग आम्ही दोघी फोन धरून बसलो, तो आत येईपर्यंत. तो हात धुऊन आला. ते मला ऐकू आलं.

ट्रॅक्टरवाल्यांनी अंधार पडता पडता खिंड फोडली. रुग्णवाहिका आली आणि हाल्वरला घेऊन गेली.

जमीन गोठलेली होती म्हणून दफन वसंतात झालं. तोवर डेअरीने थांबा बंद केला होता. ड्वेन स्वतः सांगायला आला, त्याचा काही इलाज नव्हता. टोलेफ वाद घालायला गेला नाही. गाई विकल्या. त्या न्यायला मोठाले ट्रक आले ते थेट गोठ्याच्या दारापर्यंत आले, एकदाही कुठे रुतले नाहीत. एक ड्रायव्हर मला म्हणाला, असा रस्ता असला की जनावरं भरायला किती सोपं जातं. म्हातारी गाय चढायला तयार नव्हती. टोलेफने तिच्या पाठीवर हात ठेवला तशी ती चढली.

हाल्वरने मृत्युपत्राचा कागद काही केला नव्हता. शेत आम्हा दोघांकडे आलं. मी टोलेफला म्हटलं, माझा हिस्सा तूच घे. तो म्हणाला, "मला ते शेत नको." कोणीतरी कसायला घेतलं.

त्या शरदात आर्डिसने मला बोलावलं. तिने कुंपणाचे खांब आणि फळ्या ट्रेलरवर भरून ठेवल्या होत्या. आम्ही दोघींनी ते उभं केलं, वरच्या शेतात, जिथे असायला हवं तिथे. मला खांब धरता येत होता आणि तिला हातोडा. टोलेफ घरातच होता. त्याला खिडकीतून दिसत असणार. तो बाहेर आला नाही आणि नको म्हणायलाही आला नाही.

"हे कशासाठी करतोय आपण?" मी विचारलं.

"माहीत नाही," आर्डिस म्हणाली. "उन्हाळाभर ट्रॅक्टर फिरवलाय मी त्या खडीवर."

हिवाळा आला आणि कुंपणाने काम केलं. सगळा बर्फ शेतात लांबच लांब पडून राहिला आणि खिंड तळापर्यंत कोरडी. वादळ असो, वारा असो, रस्ता एक दिवसही बंद पडला नाही. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली होती, ती रोज सकाळी त्यावरून जायची आणि दुपारी यायची. दुसरं कोणी यायचं नाही. गाई नसलेल्या गोठ्याकडे कोण कशाला येईल.

फेब्रुवारीत एका रविवारी मी जेवायला गेले. आर्डिसने भाजलेलं मांस, बटाटे आणि गाजरं केली होती. टेबलावर तीन ताटं मांडलेली.

"तो गोठ्यात आहे," ती म्हणाली. "हाक मार."

"गोठ्यात काय करतो?"

"पहाटे उठतो आणि जातो. फरशी धुतो. मी विचारत नाही."

गोठ्यात दिवे लागलेले होते. फरशी ओली होती आणि स्वच्छ, दूध काढायच्या नळ्या जागच्या जागी टांगलेल्या. टोलेफ उपड्या बादलीवर बसला होता, भिंतीला पाठ लावून. त्याच्या हातात काही नव्हतं. मी आले ते त्याने पाहिलं आणि सरकून जागा केल्यासारखं केलं, जरी दुसरी बादली तिथे नव्हती.

"रस्ता कसा आहे?" त्याने विचारलं.

"मोकळा आहे."

"वारा कुठला आहे?"

"वायव्येचा."

त्याने मान हलवली. मी थोडा वेळ उभी राहिले. थंडी पायातून वर यायला लागली.

"जेवायला चल, टोलेफ. गार होतंय."

"तुम्ही बसा. मी आलोच."

मी घरात परत आले. आम्ही दोघींनी वाट पाहिली, मग जेवायला घेतलं. आर्डिस शाळेतल्या मुलांबद्दल सांगत होती, कोण गाजरं खात नाही आणि कोण दोनदा घेतं. जेवण झाल्यावर तिने तिसऱ्या ताटात सगळं वाढलं, वर दुसरं ताट झाकलं आणि ओव्हनमध्ये ठेवलं. मी निघाले तेव्हा उजेड जात होता, आणि ताट तिथेच होतं.